आवडत्या गाण्यातून नेमकं काय घ्यायचं? (स्वतंत्र संगीतकारांसाठी)

खर्जषड्ज (धागाकर्ता)

स्वतःची गाणी स्वतःच लिहिणाऱ्या, वाजवणाऱ्या आणि रेकॉर्ड करणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी विचारलं जातं, 'तुमच्यावर कोणाचा प्रभाव आहे?' उत्तरात पाच-सात नावं येतात. विचारणाऱ्याला त्यावरून साधारण अंदाज येतो, पण करणाऱ्याच्या हाती त्या नावांमधून काहीच लागत नाही. अमुक बँड आवडतो, एवढ्यावरून उद्या गिटार घेऊन बसल्यावर काय करायचं ते कळत नाही.

म्हणून प्रभावांची वही ठेवायची तर ती जागांची ठेवावी. प्रत्येक नोंदीत गाणं, मिनिट-सेकंद, कोणतं वाद्य किंवा आवाज, तिथे काय घडतं आणि त्याचा परिणाम काय होतो, एवढं लिहायचं. उदाहरणार्थ (बार म्हणजे ठराविक मात्रांचा एक गट): '२:१४, दुसऱ्या अंतऱ्याआधी बेस दोन बार गप्प, मग समेच्या अर्धी मात्रा आधी येतो, त्यामुळे अंतरा पुढे ढकलल्यासारखा सुरू होतो.' याउलट 'बेस भारी' अशी नोंद महिन्याभराने वाचली तर तिच्यातून काहीच परत मिळत नाही.

सुरुवातीला दहाच गाणी घ्या. त्यातली निदान तीन अशी असू द्या की ज्या प्रकारचं संगीत तुम्ही कधीच करणार नाही. आपल्याच प्रकारातली दहा गाणी घेतली की त्या प्रकाराच्या सवयी हाती येतात, आणि त्या तर तुमच्या कानात आधीच असतात.

ऐकण्याचा क्रम मी असा सुचवेन. पहिल्यांदा पूर्ण गाणं, हातात काही न घेता. दुसऱ्यांदा फक्त बांधणी: बार मोजायचे आणि ओळख ४, अंतरा १६, ध्रुवपद ८ असा नकाशा काढायचा. मग एकदा फक्त बेस, एकदा फक्त तालवाद्यं, एकदा फक्त आवाज. शब्द सगळ्यात शेवटी, कारण शब्दांकडे लक्ष गेलं की बाकीचं ऐकू येईनासं होतं. बांधणीचा नकाशा बहुतेक लोक टाळतात, आणि सगळ्यात जास्त तोच शिकवतो. विषम बारांचा अंतरा, एक बार जास्तीचा धरून ठेवलेला शेवट, तिसऱ्यांदा निम्मंच येणारं ध्रुवपद, हे सगळं तिथेच सापडतं.

हंगेरियन संगीतकार बेला बार्टोक यांनी १९३१ च्या एका व्याख्यानात लोकगीतांचा प्रभाव घेण्याच्या तीन वाटा सांगितल्या होत्या. पहिली, मूळ चाल तशीच ठेवून तिला साथ देणं. दुसरी, त्या चालीसारखी आपली चाल रचणं. तिसरी, चालही नाही आणि तिची नक्कलही नाही, तरी त्या संगीताची हवा आपल्या रचनेत असणं. तिसरीपर्यंत पोचायला पहिल्या दोन करून बघाव्या लागतात, असं माझं मत आहे. या धाग्यात प्रत्येकाने आपली पद्धत नेमकेपणाने लिहावी.


तिहाई

धागा उत्तम. बार्टोकच्या तिसऱ्या वाटेचं आपल्याकडचं ठळक उदाहरण कुमार गंधर्वांचं. देवासला राहत असताना माळव्यातल्या लोकधुना त्यांनी बारकाईने ऐकल्या, आणि त्या धुनांमधून उगवलेले राग 'धुनउगम राग' म्हणून मांडले. 'अनूपरागविलास'मध्ये त्यातल्या बंदिशी आहेत. त्यांनी धुनेत दडलेलं रागरूप ओळखून ते बाहेर काढलं, त्यामुळे ऐकताना लोकगीत गायल्यासारखं वाटत नाही.

आता गाणं उतरवून घेण्याबद्दल. चाल सरगममध्ये लिहा, सा गाण्याच्या आधारस्वरावर धरून. पट्टी बदलली तरी लिहिलेलं तसंच लागू पडतं, आणि दोन वेगवेगळ्या गाण्यांतल्या चाली शेजारी ठेवून ताडता येतात. कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) काढताना आधी बेसचा स्वर, मग गंधार कोमल की शुद्ध, मग सप्तकातला वरचा रंग, असा क्रम ठेवा. उलट क्रमाने गेलं की वरच्या स्वरांच्या गर्दीत कॉर्डचं नाव चुकतं.

वेग कमी करून ऐकायच्या दोन रीती आहेत आणि त्यांचा उपयोग वेगळा आहे. टाइम-स्ट्रेचमध्ये पट्टी तीच राहते, पण साधारण ६० टक्क्यांच्या खाली आघात पसरट होतात आणि जलद हरकतीतले दोन स्वर एकमेकांत मिसळतात. दुसरी रीत जुन्या टेपसारखी: वेग निम्मा केला की आवाज बरोबर एक सप्तक खाली जातो, पण आघात स्वच्छ राहतात. जलद तानेसाठी किंवा गिटारच्या सोलोसाठी दुसरी रीत वापरा.

बेससाठी बरोबर उलट करायचं. बेस गिटारची सगळ्यात जाड तार ४१ हर्ट्झला असते आणि लहान स्पीकर तिथपर्यंत पोचतच नाहीत. वेग तोच ठेवून पट्टी एक सप्तक वर न्या, गरज पडली तर दोन. मग बेसची ओळ गुणगुणण्याइतकी स्पष्ट येते.


सुटासूर

एक अडचण आहे. जुन्या रेकॉर्डिंगबरोबर वाजवायला गेलं की कीबोर्ड जुळत नाही. धड या पट्टीत नाही, धड त्या. कान चुकतो की रेकॉर्डिंग?


तिहाई

@सुटासूर, बहुतेक वेळा रेकॉर्डिंगच. टेप मशीन किंचित वेगळ्या वेगाने चाललं की पट्टी सरकते. वेग १ टक्का वाढला की साधारण १७ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) चढतात, आणि जवळपास ६ टक्क्यांना पूर्ण अर्धा स्वर. काही वेळा वेग मुद्दामही बदललेला असतो, आवाज तरुण वाटावा किंवा गाणं चपळ व्हावं म्हणून. ट्यूनर लावून एखादा लांब धरलेला स्वर मोजा आणि तेवढे सेंट फाइल खाली-वर करा. वाद्य सरकवू नका, फाइल सरकवा, म्हणजे पुढची सगळी नोंद एकाच मापात राहील.

गिटारबद्दल आणखी एक. हाताला अशक्य वाटणारी कॉर्ड ऐकू येत असेल तर तारा नेहमीच्या स्वरांवर नसतील किंवा कापो (गिटारच्या दांड्यावर सगळ्या तारा दाबून धरणारी पकड) लावलेला असेल. कॅनडाच्या गायिका-गिटारवादक जोनी मिचेल यांचा डावा हात लहानपणी पोलिओमुळे कमजोर झाला होता. अवघड बोटं घालण्यापेक्षा त्यांनी तारांचे स्वरच बदलले, आणि त्यातून त्यांच्या कॉर्डचा वेगळा रंग आला. ओळखायची खूण अशी: कॉर्ड बदलतानाही एखादी मोकळी तार अखंड वाजत राहते का, आणि सगळ्यात खालचा स्वर ८२ हर्ट्झच्या खाली जातो का. तो खाली जात असेल तर जाड तार नक्की उतरवलेली आहे.


ठेका_सोळा

स्वरांबद्दल सगळे लिहितात, लयीकडे दुर्लक्ष होतं. आवडत्या गाण्यातलं 'काहीतरी वेगळं' बऱ्याचदा काही मिलिसेकंदांत असतं, आणि ते मोजता येतं.

ठेक्याची झोल म्हणजे स्विंग. एमपीसीसारख्या ठेका वाजवणाऱ्या यंत्रांवर ती टक्क्यांत देतात. ५० टक्के म्हणजे सरळ, ६६ च्या आसपास तिस्र, कमाल ७५. हिशोब सोपा आहे. ९० बीपीएमला (म्हणजे मिनिटाला ९० मात्रांना) एक मात्रा ६६७ मिलिसेकंदांची, अर्धी मात्रा ३३३. त्या अर्ध्या मात्रेत दोन सोळांश येतात. सरळ ठेक्यात दुसरा सोळांश १६७ वर पडतो, ५८ टक्के स्विंगला १९३ वर. म्हणजे फक्त २६-२७ मिलिसेकंद उशीर, पण ठेका पार बदलतो.

मोजायचं असं. गाण्यातला स्वच्छ असा दोन बारांचा तुकडा घ्या, जिथे हाय-हॅट (ड्रमसेटमधली झांजेची जोडी) स्पष्ट ऐकू येते. सम कुठे पडते ते वेव्हफॉर्मवर (आवाजाच्या आलेखावर) आघाताच्या सुरुवातीला खूण करून ठरवा. फाइलची सुरुवात म्हणजे शून्य असं कधीही धरू नका; एमपी३ फाइलच्या आरंभी एन्कोडर थोडी शांतता भरतो आणि सगळी मापं तेवढ्याने सरकतात. मग चारही मात्रांवर हाय-हॅट, किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि स्नेअर (करकरीत आवाजाचा छोटा ड्रम) कुठे पडतात ते लिहा. अनेकदा असं दिसतं की हाय-हॅट सरळ आहे, किक थोडी आधी आहे आणि स्नेअर १०-२० मिलिसेकंद मागे आहे. त्या ताणामुळेच ठेका बसकण मारल्यासारखा वाटतो. सगळ्या वाद्यांना एकच स्विंग लावून हा परिणाम येत नाही. नवखे लोक नेमके इथे अडकतात: आकडा बरोबर काढतात आणि तो पूर्ण ड्रम ट्रॅकवर लावून मोकळे होतात.

क्लिकशिवाय (मेट्रोनोमच्या ठोक्याशिवाय) वाजवलेल्या गाण्यात लय स्थिर नसते. ध्रुवपदाला ती दोन-तीन बीपीएमने चढते आणि अंतऱ्याला परत उतरते. संपूर्ण गाण्याची सरासरी काढली तर हा चढ नाहीसा होतो, म्हणून दर आठ बारांची लय वेगळी लिहा. तुमच्या गाण्यात यंत्राचा ठेका असेल तर हाच चढ टेम्पो-ट्रॅकवर काढता येतो.


रीळ_फिरते

धागाकर्त्यांच्या मांडणीत मला एक गोष्ट खटकते. सगळा भर बांधणी, चाल आणि ताल यांवर आहे. रेकॉर्ड केलेल्या संगीतात पुष्कळदा ध्वनी हीच रचना असते, ती स्वरलिपीत उतरतच नाही. ब्रिटिश संगीतकार ब्रायन इनो आणि गिटारवादक रॉबर्ट फ्रिप यांनी १९७३ च्या अल्बमसाठी दोन टेप मशीन शेजारी ठेवून केलेली जोडणी घ्या. पहिलं मशीन रेकॉर्ड करतं, टेप तशीच पुढे दुसऱ्या मशीनवर जाते, तिथे वाजते, आणि तो आवाज परत पहिल्याकडे येतो. अशी रीत अमेरिकन संगीतकार टेरी रायली यांनी आधीच वापरली होती. यात उशीर किती, हे रेकॉर्ड करणारं आणि वाजवणारं अशा दोन हेडमधल्या अंतरावर ठरतं. टेपचा वेग सेकंदाला १९ सेंटिमीटर आणि अंतर दीड मीटर असेल तर सुमारे ८ सेकंद. गिटारवादकाने काय वाजवायचं हे ते ८ सेकंदच ठरवतात: स्वर मोजके, लांब आणि एकमेकांवर चढले तरी न भांडणारे. स्वर लिहून काढले तर चार-पाचच भरतील आणि हातात काही येणार नाही.

डबचंही (तयार गाण्याचं रूप बदलून केलेलं जमैकातलं संगीत) तेच. त्यातले ध्वनिमिश्रणकार किंग टबी यांनी मिक्सिंग डेस्कच वाद्यासारखं वापरलं: ट्रॅक बंद करणं, एकाच स्नेअरला इकोत टाकणं, बेस आणि ड्रम उघडे ठेवणं. त्या संगीताचा प्रभाव घ्यायचा तर काय वाजलं यापेक्षा काय काढून टाकलं ते ऐकावं लागतं.

हे घरी करून बघायला टेप लागत नाही. डिले प्लगइन (आवाज उशिराने परत ऐकवणारं सॉफ्टवेअर) ८००० मिलिसेकंदांपर्यंत जाणारं घ्या, फीडबॅक (परत आत जाणारा आवाज) ७० ते ८० टक्क्यांत ठेवा, आणि फीडबॅकच्या वाटेवर साधारण ४ किलोहर्ट्झला लो-पास (वरचा भाग कापणारा) आणि १५० हर्ट्झला हाय-पास (खालचा भाग कापणारा) फिल्टर लावा. फिल्टर नसतील तर प्रत्येक फेरीत खालचा भाग साचत जातो आणि तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला सगळं गढूळ होतं. फीडबॅक १०० च्या वर गेला की आवाज वाढतच जातो, तेव्हा मास्टरवर लिमिटर (आवाजाला कमाल मर्यादा घालणारं साधन) ठेवूनच सुरू करा.


खर्जषड्ज (धागाकर्ता)

@रीळ_फिरते, डबबद्दलचं म्हणणं मान्य, 'काय काढलं' हा रकाना वहीत हवाच. पण टेपच्या उदाहरणात तुम्ही जे वर्णन केलंत ती बांधणीच आहे: ८ सेकंदांचं चक्र आणि त्याने घातलेला नियम. तेच चक्र सतारीवर किंवा आवाजावर लावा, संगीत वेगळं येईल, नियम तोच राहील.

अमेरिकन संगीतकार स्टीव्ह राइख १९७० मध्ये घानाला ढोलवादन शिकायला गेले. परत येऊन त्यांनी घानाच्या ढोलांचा आवाज आपल्या संगीतात आणला नाही. एकमेकांवर रचलेली, वेगवेगळ्या ठिकाणी सम असलेली आवर्तनं त्यांनी घेतली आणि आपल्याच वाद्यांवर मांडली. दुसऱ्या संगीताचा बाह्य ध्वनी उचलण्यापेक्षा त्याची रचना समजून घेऊन आपल्या ध्वनीत काम करावं, हे त्यांनी लिहूनही ठेवलं आहे. टेपचे दोन तुकडे हळूहळू एकमेकांपासून सरकवायचं काम ते १९६५ पासूनच करत होते, त्यामुळे घानाने त्यांना नवी दिशा देण्यापेक्षा आधीच्या दिशेला बळ दिलं.

दुसरं उदाहरण अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन यांच्या १९८२ च्या 'नेब्रास्का'चं. त्या अल्बमवर 'सुइसाइड' या जोडीचा प्रभाव आहे. एक आवाज, एक कीबोर्ड आणि ड्रम मशीन असं त्यांचं कर्कश शहरी संगीत. स्प्रिंगस्टीन यांनी घेतला तो न बदलणारा ठोका, दाबून धरलेला ताण आणि मधेच फुटणारी किंकाळी. वाद्य मात्र अकूस्टिक गिटार. मूळ जोडी ठाऊक नसेल तर संबंध लक्षातही येत नाही. प्रभाव पचला म्हणजे काय, याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं सुचत नाही.


रीळ_फिरते

त्या अल्बमचा ध्वनी मात्र यंत्रातून आला आहे हेही नोंदवू या. तो घरातल्या खोलीत टीअ‍ॅक १४४ पोर्टास्टुडिओवर रेकॉर्ड झाला. साध्या कॅसेटवर चार ट्रॅक देणारं, १९७९ ला आलेलं हे पहिलं यंत्र, आणि टेप नेहमीच्या दुप्पट वेगाने चालवणारं. चारच ट्रॅक असल्यामुळे गिटार, आवाज आणि वर फार तर एक-दोन गोष्टी, इतकीच जागा. आजही सॉफ्टवेअरमध्ये चारच ट्रॅक उघडून काम करता येतं. तीन भरले की ते एकत्र करून चौथ्यात टाकायचे आणि मूळ तीन पुसायचे. पुसले नाहीत तर निर्णय पुढे ढकलला जातो आणि मर्यादेचा फायदा उरत नाही.


मींडगमक

ध्वनी की बांधणी या वादात हिंदी चित्रपटसंगीतातले वादक चरणजित सिंग यांचं नाव यायला हवं. १९८२ साली त्यांनी डिस्कोच्या ठोक्यावर दहा राग वाजवले. हाताशी रोलँडची टीआर-८०८ (ड्रम मशीन), टीबी-३०३ (बेस सिंथेसायझर) आणि ज्युपिटर-८ (सिंथेसायझर). टीबी-३०३ मध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय आहे, ती मींडेच्या जवळ जाते. यंत्रात काय आहे हे पाहून रागाचा कोणता भाग त्यावर उतरेल ते त्यांनी ओळखलं. एका बाजूने बांधणी आणि दुसऱ्या बाजूने ध्वनी आला तरच असं काम होतं.


फेडरवर_बोट

मिक्सच्या अंगाने थोडं. आवडतं गाणं रेफरन्स म्हणून (आपलं मिक्स ताडून बघायला) लावताना सगळ्यात मोठी चूक आवाजाच्या पातळीची होते. बाजारात आलेलं गाणं -८ किंवा -९ एलयूएफएसला (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) असतं, तुमचं अर्धवट मिक्स -१८ ला. दोन्ही तसंच लावलं की रेफरन्स नेहमीच श्रीमंत वाटणार, कारण जरा मोठ्याने वाजलं की कानाला खालचे आणि वरचे स्वर जास्त ऐकू येतात. तुमचं मिक्स वाढवू नका. रेफरन्स १० डीबीने खाली आणा. आणि ध्रुवपदाशी ध्रुवपदच ताडा. संपूर्ण गाण्याची सरासरी पातळी जुळवली तर शांत ओळख असलेलं गाणं फसवतं, म्हणून ३ सेकंदांची शॉर्ट-टर्म पातळी बघा.

कडेला काय ठेवलं आहे ते ऐकायला डावा चॅनल घ्या, उजव्याची फेज (आवाजाची लहर) उलटी करा आणि दोन्ही एकत्र करा. मधोमध असलेलं सगळं नाहीसं होतं: बहुधा मुख्य आवाज, किक, स्नेअर, बेस. उरतात ती रुंद पसरलेली गिटार, मागचे कोरस आणि रिव्हर्बची (खोलीत घुमल्यासारख्या आवाजाची) शेपटी. रिव्हर्ब कुठल्या जातीचा आहे, किती लांब आहे हे इथे जितकं कळतं तितकं दुसरीकडे कुठेच कळत नाही. कमी बिटरेटची एमपी३ असेल तर पाण्याखालून आल्यासारखी कुरकुर येते, म्हणून फ्लॅक किंवा वेव्ह (दर्जा न घटवणाऱ्या फाइल) वापरा.

डेमक्स, स्प्लीटर यांसारखी स्टेम (एकेका वाद्याचा किंवा आवाजाचा ट्रॅक) वेगळी करणारी साधनं उतरवून घेण्यासाठी चांगली आहेत, ध्वनी अभ्यासायला नाहीत. स्नेअरचा काही भाग आवाजाच्या स्टेममध्ये जातो, रिव्हर्बच्या शेपट्या तुटतात. त्या स्टेमवरून 'मूळ आवाज किती कोरडा (रिव्हर्बशिवाय) आहे' असा निष्कर्ष काढला तर तो चुकीचा निघण्याची शक्यता मोठी.

इको बसवताना ठेका_सोळा यांचाच हिशोब: ६०,००० भागिले बीपीएम. ९० ला एक मात्रा ६६७, टिंबवाला आठांश (पाऊण मात्रा) ५००. आवडत्या गाण्यातला इको मोजला आणि तो या आकड्यांपैकी कशातच बसत नसेल, तर तो हाताने लावलेला किंवा टेपचा असतो. तोही जसाच्या तसा लिहून ठेवा.


सुटासूर

इतकं बारीक ऐकल्यावर नकळत चोरी होण्याची भीती वाटते. ती कशी टाळायची?


तिहाई

भीती रास्त आहे. 'बीटल्स'मधले जॉर्ज हॅरिसन यांच्या १९७० च्या 'माय स्वीट लॉर्ड'वर खटला झाला आणि १९७६ मध्ये न्यायालयाने म्हटलं की १९६३ मध्ये गाजलेल्या 'हीज सो फाइन'ची चाल त्यांनी नकळत उचलली. हेतू नव्हता हे मान्य करूनही निकाल विरोधात गेला.

तपासायची रीत: शब्द, कॉर्ड, ठेका सगळं काढून चाल एकाच वाद्यावर वाजवा. मुखड्याचे पहिले आठ-दहा स्वर सरगममध्ये आणि त्यांचे कालावधी मात्रांत लिहा. वहीतल्या गाण्यांच्या मुखड्यांशी ताडा. नुसते स्वर जुळले तर फारसं बिघडत नाही, सातच स्वर आहेत. स्वर आणि कालावधी दोन्ही सलग जुळले तर चाल बदला. मग गुणगुणून गाणं शोधणाऱ्या सोयीला ती चाल ऐकवा. शेवटी, वेगवेगळ्या प्रकारचं संगीत ऐकणाऱ्या तिघा-चौघांना ऐकवून 'हे कशासारखं वाटतं' एवढंच विचारा. दोघांनी एकमेकांशी न बोलता एकच गाणं सांगितलं तर बाकी सगळे निकष बाजूला ठेवा.

सॅम्पल वापरत असाल तर प्रकरण वेगळं. तिथे रेकॉर्डिंगचा हक्क आणि रचनेचा हक्क असे दोन स्वतंत्र हक्क असतात, आणि दोन्हींची परवानगी लागते. तुकडा लहान आहे म्हणून चालतं, ही समजूत धोक्याची आहे.


खर्जषड्ज (धागाकर्ता)

यावर माझ्याकडून एक सराव. वहीतली तीन गाणी घ्या. एकाची फक्त बांधणी, म्हणजे बारांचा नकाशा. दुसऱ्याचा फक्त ठेका, मिलिसेकंदांसकट. तिसऱ्याची फक्त ध्वनीची मांडणी: काय मधोमध, काय कडेला, काय कोरडं, काय ओलं. चाल आणि शब्द पूर्ण तुमचे. तिन्ही गाणी वेगवेगळ्या प्रकारांतली असली पाहिजेत, नाहीतर तिन्ही गुण पुन्हा एकाच ओळखीच्या ठिकाणी नेतात. काम सुरू झालं की मूळ गाणी लावायची नाहीत, फक्त वहीतली नोंद बघायची. नोंदीत जे नाही ते तुम्हाला स्वतः भरावं लागतं, आणि तिथेच गाणं तुमचं व्हायला लागतं.

सहसा अडतं ते दोन ठिकाणी. ठेका आणि बांधणी यांची लय फार दूर असेल, समजा नकाशा ७० बीपीएमच्या गाण्याचा आणि ठेका १४० चा, तर बार दुप्पट धरा, नाहीतर अंतरा निम्म्या वेळात संपतो. आणि ध्वनीची मांडणी दाट असेल तर चालीत स्वर कमी ठेवा.


ठेका_सोळा

@खर्जषड्ज, यात एक भर. ठेका घेताना मूळच्या ड्रमच्या आवाजांसारखे आवाज निवडू नका. १५ मिलिसेकंद मागे पडणारी स्नेअर जर हळू उगवणाऱ्या आवाजाची केली, उदाहरणार्थ ब्रश किंवा टाळी, तर ती कानाला आणखी मागे वाटते. तिथे ऑफसेट ५-८ पर्यंत कमी करा. रिमशॉटसारखा टोकदार आवाज असेल तर मूळ आकडा चालतो.


सुटासूर

शेवटचा प्रश्न. दहाही गाणी शेवटपर्यंत उतरवून काढायची का?


तिहाई

नाही. दोन गाणी पूर्ण, प्रत्येक स्वरासकट, सगळी वाद्यं. बाकी आठांचा बांधणीचा नकाशा आणि वहीत टिपलेल्या जागा तेवढ्या. पूर्ण उतरवायला अशी दोन घ्या की एकात वाद्यं कमी आणि दुसऱ्यात भरपूर. आधी कमी वाद्यांचं करा.